सातव्या पाठातली एक ओळ

सूर्यमाळ, ता. मोखाडा
रविवार, दुपार

प्रिय नीता,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला क्षणभर आपलंच वाटलं असेल. माझं अक्षर तुझ्यावरच गेलंय. जव्हारला नर्सिंगच्या ट्रेनिंगला असताना आपल्या दोघींत पुस्तक एकच होतं. तू त्यातून वहीत उतरवायचीस आणि मी तुझ्या वहीतून माझ्या वहीत. दोन वर्षं तुझंच अक्षर गिरवलं, मग माझं वेगळं असं काही राहिलंच नाही. आजही रजिस्टरमधला माझा ‘ळ’ बघून कुणी विचारलं, की सिस्टर, तुमची शाळा कुठली, तर मी म्हणते, नीताची. त्यांना वाटतं नीता म्हणजे एखाद्या शाळेचं नाव असेल.

तुझा नंबर मला मिळालाय. गेल्या पंधरा दिवसांत तीन वेळा लावायला घेतला आणि तीनही वेळा फोन खाली ठेवला. बोलायला लागले असते तर तू ‘असू दे गं, जाऊ दे’ म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं. तुझी ती सवय मला ठाऊक आहे आणि माझीही. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

मी आता आरोग्य सहायिका आहे. पाच उपकेंद्रं माझ्याकडे आहेत, आणि आशाताईंचं ट्रेनिंगही मीच घेते. गुडघे कुरकुरतात, पण चढ अजून चढते. सूर्यमाळ तू पाहिलंस तसंच आहे म्हणायला हरकत नाही. डांबरी रस्ता वरपर्यंत आलाय, टॉवरही आलाय, पण उन्हाळ्यात बायका अजून हंडे घेऊन तेवढ्याच खाली उतरतात. माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत विचारायची, ‘ती तुझी गोरी मैत्रीण, नागलीची भाकरी दोन हातांनी तोडणारी, ती कुठे असते?’ मी सांगायचे, मोठ्या कॉलेजात शिकवते. ती म्हणायची, ‘मग आता एका हातानं तोडत असेल.’

शिरपामाळला आता गाड्या येतात. सुट्टीच्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची रांग असते. मागच्या महिन्यात तिकडून जाताना मी मुद्दाम थांबले. आपण रविवारी जिथे वह्या घेऊन बसायचो तिथे एक बाई मुलाला शिवाजी महाराज इथे थांबले होते ते सांगत होती. मला वाटलं, तिला सांगावं, इथे आम्हीही थांबलो होतो. तुझ्या आईनं दिलेला डबा, माझ्या ओढणीत बांधलेली करवंदं, आणि मधे ते पुस्तक. तू वाचायचीस, ‘प्रसूतीनंतर गर्भाशय शिथिल राहिल्यास,’ आणि मी म्हणायचे, थांब, हे आमच्या पाड्यावर कसं सांगणार? तुमच्या घरी आमची बोली कुणीच बोलत नसे. तुझे वडील प्रकल्प कार्यालयात कारकून, मूळचे घाटावरचे. तुला बोलीतला एक शब्द समजला तर दहा निसटायचे. पण हौस दांडगी. मी सांगेन तो शब्द तू पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायचीस. गर्भाशयाला पिशवी, शिथिलला ढिली. आणि सहामाही परीक्षेत तू चक्क लिहून आलीस, ‘पिशवी ढिली लागली तर चोळावी, चेंडूसारखी घट्ट झाली की सोडावी.’ बाईंनी तो पेपर सगळ्या वर्गापुढे वाचला. पोरी हसून लोळल्या. तू लाल झालीस, पण बसल्या जागेवरून म्हणालीस, ‘बाई, उत्तर चूक आहे का?’ बाईंनी पूर्ण मार्क दिले.

ते आठवलं ते तुमच्या पाठांमुळे. तीन विद्यापीठांनी मिळून आशाताई आणि नर्सेससाठी पाठ केलेत, ते घेऊन कमलेश नावाचा एक माणूस तुमच्याकडून जव्हारला आला. तीन दिवस एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. मी, आणि माझ्याकडच्या अकरा आशाताई. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, की हे मुक्त पाठ आहेत. कुणाच्या मालकीचे नाहीत. कुणीही फोनवर उतरवून घ्यावेत, आपल्या भाषेत करावेत, चुकलं असेल तिथे बदलावेत, पुढच्याला द्यावेत. मला विश्वास बसेना. एका पुस्तकावर दोघींनी दोन वर्षं काढलेली आपण माणसं. मी त्याला दोनदा विचारलं, ‘खरंच कुणाला विचारायला नको?’ तो म्हणाला, ‘नको मॅडम. फक्त मूळ कुणी लिहिलं त्यांचं नाव ठेवायचं.’

पहिले सहा पाठ मजेत गेले. तुम्ही मोठी माणसं लिहिता छान, पण एका ठिकाणी होतं, ‘मातेस तातडीने संदर्भ सेवा द्यावी,’ म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवावं. आमची एक आशाताई म्हणाली, ‘ही संदर्भ बाई कुठे बसते?’ चित्रातली बाळंतीण पलंगावर, उशाशी पडदा. मी कमलेशला म्हटलं, पलंग काढ, गोणपाट घाल, चूल दाखव, आणि दाराशी सासू उभी कर. तिच्याशी बोलल्याशिवाय कुठली नर्स आत जाते? तो हसला आणि सगळं लिहून घेतलं. माणूस चांगला आहे, ऐकतो.

मग सातवा पाठ उघडला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. वर लिहिलं होतं, लेखन: नीता, आणि पुढे तुझं लग्नानंतरचं आडनाव. आडनाव मला माहीत नव्हतं, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही. पहिल्या पानावर ‘एक घडलेली गोष्ट’ होती. डोंगरावरचा एक पाडा, चैत्र महिना, शेजारच्या घरी हळद चालू आहे, ढोल वाजतोय, आणि हळदीला आलेल्या नर्सला बोलावणं येतं. तिच्या बाहीला हळद लागलेली आहे. तिथे मी तुला ओळखलं. गावाचं नाव नव्हतं, बाळंतिणीचं नव्हतं. पण बाहीची हळद दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

हॉलमध्ये तो भाग मोठ्यानं वाचायला उभी राहिली होती चैती. नीता, चैती म्हणजे सुकीची मुलगी. त्या दिवशी जन्मलेली. तू तिला माझ्या नव्या साडीत गुंडाळून सुकीच्या सासूच्या, येसूच्या हातात दिलं होतंस, ती. आजीनंच वाढवलं तिला. बारावी झाली, गेल्या वर्षी आमच्याच पाड्याची आशा म्हणून लागली. माझ्या सगळ्या पोरींत हुशार. आईच्या मरणाबद्दल तिला एवढंच माहीत, की बाळंतपणात गेली. तिनं आपल्याच आईची गोष्ट खणखणीत आवाजात वाचली, तिला न कळता. आणि मग ती ओळ आली. मला पाठ झाली आहे. ‘परिचारिकेने आपण येण्याआधी किती रक्त गेले याची घरच्यांकडे चौकशी केली नाही. डोळ्यांना दिसले तेवढ्यावरच तिने अंदाज बांधला. तो चुकला.’

चैतीनं पुस्तिका खाली केली आणि म्हणाली, ‘विचारायला काय जात होतं त्या नर्सचं? तोंड नव्हतं तिला?’ बाकीच्या बायांनी माना हलवल्या. कमलेशनं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले. दुसऱ्यांदा गप्प बसले, नीता. एकदा बावीस वर्षांपूर्वी, आणि एकदा त्या हॉलमध्ये.

कारण तू विचारलं होतंस.

आता मी ते सगळं लिहिते, जसं झालं तसं. माझ्या भावाची, हेमंतची, हळद होती. तू आदल्या दिवशीच एसटीनं आली होतीस. धवलेरी गात होती, तुला लग्नाची गाणी म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघायला मिळाली होती, आणि तू तिच्या शेजारीच मांडी घालून बसली होतीस. माझ्या वहिनीकडच्या बाया तुला हळद फासून गेल्या होत्या. सुकीचं घर तीन घरं पलीकडे. सकाळीच तिला मुलगी झाली होती, वारही पडली होती, पण अंगावरून जायचं थांबेना, म्हणून दुपारी येसू दाराशी आली. आपण दोघी धावलो. तू पोटावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ‘पिशवी ढिली आहे.’ तू चोळत बसलीस, मी इंजेक्शन दिलं. पिशवी घट्ट व्हायची आणि पुन्हा सैल पडायची. सुकी बोलत होती, हसलीसुद्धा एकदा. खाली बघितलं तर एकच चिंधी, अर्धी भिजलेली. तू वर न बघता मला म्हणालीस, ‘येसूला विचार, सकाळपासून किती गेलं? आधीची फडकी कुठायत?’

मी विचारलं. येसू आमच्या बोलीत म्हणाली, ‘सहा लुगडी भिजली, बाय. खालचं गोणपाटही निथळत होतं. सगळं मागच्या खड्ड्यात पुरलं नि वर राख टाकली.’ तू म्हणालीस, ‘काय म्हणाली?’ मी म्हटलं, ‘फार नाही म्हणते. नेहमीसारखंच.’

का म्हटलं, हे मी बावीस वर्षं स्वतःला विचारतेय. सहा लुगडी म्हटलं असतं, तर तू त्याच क्षणी ‘डोली बांधा’ म्हणाली असतीस. बांबूला घोंगडी बांधून खाली रस्त्यापर्यंत न्यायची ती डोली उचलायला जी धडधाकट माणसं पाड्यावर होती, ती सगळी आमच्या मांडवात होती. ढोल थांबवावा लागला असता. हळदीच्या मांडवासमोरून डोली जाणं म्हणजे अपशकुन, नवरीकडची माणसं तिथेच बसलेली. आणि महिन्यापूर्वीच मी एका बाईला डोलीतून खाली पाठवलं होतं, ती दुसऱ्या दिवशी ठणठणीत परत आली, तेव्हा अख्खा पाडा मला हसला होता. ‘आपली नवशी सरकारी झाली, शिंक आली तरी डोली बांधते.’ माझे वडील त्या हसण्यानं खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, एक तास. हळद उरकू दे. इंजेक्शन लागू पडेल, पिशवी घट्ट होईल, आणि कुणालाच काही कळायचं कारण नाही. मी सुकीचं वाईट चिंतलं नाही गं. ती माझ्याबरोबर लहानपणी गुरं राखायची. मी फक्त एक तास मागितला, तोही कुणाला न विचारता.

तू मधे एकदा नाडी बघून म्हणालीस, ‘पळतेय गं. नक्की फार गेलं नाही ना?’ तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘घाबरलीय ती.’ तास संपायच्या आत तिचे हात गार पडले. मग तू स्वतः मांडवात जाऊन ओरडलीस. अंगाला हळद लागलेल्या चौघांनी डोली उचलली, त्यात हेमंत होता, नवरदेव. ढोल थांबला तो थांबलाच. रस्ता दिसायला लागला होता, जीप यायची होती, तेवढ्यात तू डोलीपाशी चालता चालता एकदम उभी राहिलीस. तुझा चेहरा बघून त्यांनी डोली खाली ठेवली.

चौकशी झाली तेव्हा मी खोलीबाहेर बाकावर होते. दार अर्धं उघडं होतं. तू म्हणालीस, ‘अंदाज माझा चुकला. मी नीट विचारलं नाही.’ साहेबांनी माझ्याबद्दल विचारलं, तर तू म्हणालीस, ‘नवशी फक्त मदतीला होती.’ मी आत यायला उठले होते, नीता. उठून उभी राहिले होते. मग परत बसले. तू नोकरी सोडून पुढे शिकायला निघालीस त्या दिवशी तू मला जव्हारच्या डेपोत बोलावलं होतंस. मी आले नाही असं तुला वाटलं असेल. मी आले होते. कॅन्टीनच्या मागे उभी होते. तुझी गाडी सुटेपर्यंत तू दाराकडेच बघत होतीस.

आता मला कळत नाही, तू ते का लिहिलंस. तुला तेव्हाच संशय आला होता, आणि माझं नाव येऊ नये म्हणून दोष अंगावर घेतलास? की इतक्या वर्षांत तुला खरंच वाटायला लागलं, की आपण विचारलंच नव्हतं? पहिलं असेल तर मी तुझ्या पायाशी बसले तरी फिटायचं नाही. दुसरं असेल तर त्याहून वाईट, कारण मग मी सुकीचा जीवच घेतला नाही, तुझी आठवणसुद्धा बिघडवली.

ट्रेनिंग संपलं त्या संध्याकाळी मी चैतीच्या घरी गेले. येसू आता थकलीय, ओट्यावर पडून असते, तिला ऐकू येत नाही. मी चैतीला सांगितलं, ती गोष्ट तुझ्या आईची आहे. आणि त्या नर्सला तोंड होतं. तिनं विचारलं होतं. तुझ्या आजीनं सांगितलंही होतं. मधे मी होते. चैती तांदूळ निवडत होती. सूप तसंच हातात धरून बसली. मग म्हणाली, ‘जा मावशी तुम्ही.’ मी आले.

आठ दिवस ती मीटिंगलाही आली नाही. तिचे रिपोर्ट दुसरीच्या हातानं यायचे. मला वाटलं, ही पोर काम सोडणार, आणि तेही माझ्यामुळे. नवव्या दिवशी सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर बसलेली दिसली. मला वाटलं राजीनामा आणलाय. ती म्हणाली, ‘काल वरच्या पाड्यावर एक बाळंतीण झाली. मी गेल्या गेल्या फडकी मागितली. सासू म्हणाली, पुरली. मी म्हटलं, उकरा. मोजली. पाच होती. तिला गाडीत घालून खाली पाठवली.’ मी विचारलं, कशी आहे? ‘बरी आहे. रक्त चढवलं.’ मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पण तो पाठ चुकीचा आहे. त्या नर्सनं विचारलं नाही, असं शिकवलं तर पोरींना वाटेल, विचारलं की झालं. विचारून होत नाही. बघायला लागतं.’ आणि निघता निघता पायरीवर थांबून विचारलं, ‘आई काही बोलली होती का, शेवटी?’ मी तिला सांगितलं. तेच आता तुला सांगायचंय.

त्यासाठीच हे पत्र. दहा दिवसांनी, बुधवारी, कमलेश परत येतोय, सातवा पाठ आमच्या बोलीत आवाजात भरायला. चैती वाचणार आहे, तिनंच मागून घेतलं. ती ओळ आम्ही अशी केली आहे: ‘परिचारिकेने विचारले होते. सासूने खरे सांगितले होते. मधे बोली समजावणारी दुसरी नर्स होती, तिने ते दडवले. म्हणून नुसते विचारू नका, फडकी स्वतः बघा, स्वतः मोजा.’ दुसऱ्या नर्सचं नाव घालायची माझी तयारी आहे, तू म्हणशील तर. कमलेश म्हणतो, बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. ते पाठांचं झालं. मला तुझी लागते. बुधवारच्या आत त्याच्या फोनवर नुसतं हो किंवा नाही कळव, मला फोन केला नाहीस तरी चालेल. आणि एक निरोप आहे, बावीस वर्षं माझ्यापाशी पडून राहिलेला. तू पोट चोळत होतीस तेव्हा सुकी माझ्याकडे बघून बोलीत काहीतरी म्हणाली होती आणि हसली होती. तू विचारलंस, ‘काय म्हणतेय?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ ती म्हणाली होती, ‘हिला सांग, हिचा हात चांगला आहे. हिनं हात ठेवला की भीती वाटत नाही.’

तुझीच,
नवशी